सहा पॉइंट तीन जीबी

वडनेर भोलजी
रविवार, ९ सप्टेंबर २०१८
दुपारचे एक वाजून चाळीस मिनिटे

प्रिय मित्र जावेद,

निवृत्तीचा सलाम, आणि आमच्या घरच्यांचा नमस्कार.

पत्र सुरू करताना मी दुकानात कॉम्प्युटरसमोर बसलो आहे. एकेका फोल्डरवर उजवी कळ दाबतो, प्रॉपर्टीज उघडतो, आकडा थांबेपर्यंत वाट पाहतो आणि मग वहीत उतरवतो. तूच शिकवलेली पद्धत. तू म्हणायचास, "आकडा चढून राह्यला तवर लिहू नको बे, त्याले दम घेऊ दे." आज पोळा, म्हणून शटर अर्धं खाली आहे आणि गिऱ्हाईक नाही. बैलांच्या शिंगांचा रंग आणायला बाबांनी मला पाठवलं होतं. रंगाचा डबा माझ्या पायाशीच आहे. थोड्या वेळाने जाईन.

इकडची खुशाली अशी. पावसाने वीस दिवस ओढ दिली होती, मागच्या आठवड्यात बरा झाला. कपाशीला पाती-बोंडं लागली आहेत. मागच्या वर्षी बोंडअळीने हात दाखवल्यामुळे यंदा जो तो सकाळी उठून बोंडं फोडून पाहतो. वावरात सापळे लावा म्हणून रिक्षा फिरते, तिच्यावर अजून तुझाच आवाज आहे. "कपाशीवाल्या भाऊ-दादांनो, जरा थांबा" असं तू जिथे म्हणतोस तिथे बसस्टँडवरचे लोक खरंच थांबतात. तुझ्या अम्मींची तब्येत ठीक आहे. गुडघा दुखतो, पण चालतात.

तुझा जुना नंबर बंद लागतो. नवा अम्मींनी दिला नाही, पत्ता दिला. म्हणाल्या, "फोन करशीन तं तो तुहा आवाज आयकून काटून देईन. कागद फाडाच्या आधी मानूस एकदा वाचते."

तर वाचावंस.

मुद्दा असा की दुकानातली नवी डिस्कही निम्म्याहून जास्त भरली आहे. तुला बऱ्याच गोष्टी ठाऊक आहेत, तरी मी क्रमाने लिहितो. क्रमाने लिहिलं नाही तर माझ्याकडून काहीतरी सुटतं.

शुक्रवार, २७ जुलै. पीकविम्याची शेवटची तारीख जवळ आलेली. दुकानात आणि बाहेर मिळून चाळीस-पंचेचाळीस माणसं. तू सव्वा वाजता जुम्म्याच्या नमाजला गेलास. एक वाजून पन्नास मिनिटांनी स्कॅनर अडला. पडद्यावर जागा कमी असल्याची सूचना आली आणि डिस्कची पट्टी लाल झाली. मामू गल्ल्यावर होते. ते त्या दिवशी नमाजला गेले नव्हते, गर्दीमुळे, आणि त्याचीही त्यांना आतून चिडचिड होती.

"काऊन अडकलं बे?"

"जागा नाही म्हनते, मामू."

"काल होती ना? मंग कोनं खाल्ली?"

तेव्हा कोणीतरी म्हणालं की जावेदची गाणी असतील. लोकांच्या मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचास तो तुझा फोल्डर मामूंना आधीपासूनच खुपत होता. तू परत आलास, चपला काढत होतास, तेवढ्यात मामू उठले आणि पुढचं झालं. ते मी लिहीत नाही. तुझ्या गालावर झालं, तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तू एकच वाक्य बोललास. "मामू, आकडा तरी पाहा." कोणी पाहिला नाही. तू चपला परत घातल्यास आणि गेलास.

त्या दिवशीच्या अकरा जणांचे फॉर्म राहिले. ते दुसऱ्या दिवशी जीपने नांदुऱ्याला जाऊन भरून आले. नांदुऱ्याचाच मेकॅनिक त्याच दुपारी नवी डिस्क बसवून गेला. ३,४०० रुपये. मामूंनी ते तुझ्या जुलैच्या पगारातून कापले आणि उरलेले अकराशे अम्मींकडे पाठवले. अम्मींनी ते घेतले, पण मामू त्यांचे सख्खे भाऊ असूनही तेव्हापासून त्या त्यांच्याशी बोललेल्या नाहीत.

आता ३ सप्टेंबर, सोमवार. सकाळी सहज नव्या डिस्कची पट्टी पाहिली. पाच आठवड्यांत पाचशेपैकी दोनशे अठ्ठ्याण्णव जीबी भरलेली. जावेद, माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहितो, हसू नकोस. मनात आलं, जावेदची गाणी या डिस्कवर कशी आली? मग लक्षात आलं की तू तर सुरतेत आहेस.

त्या दिवसापासून मी मोजायला बसलो. दुपारी गर्दी कमी असते तेव्हा मोजायचो. आधी जुनी डिस्क घेतली. डब्यावर पाचशे लिहिलेलं असतं, कॉम्प्युटर चारशे पासष्ट दाखवतो. विंडोज आणि बाकी प्रोग्राम एकतीस. पासपोर्ट फोटो आणि लग्नपत्रिका चौदा पॉइंट दोन. तुझा फोल्डर सहा पॉइंट तीन. आणि 'शेतकरी' नावाचा फोल्डर चारशे अकरा.

'शेतकरी' फोल्डर माझा आहे.

आत दोनशे चौऱ्याहत्तर माणसं, पण फोल्डर आठशे बावीस. तिप्पट. याचं कारण सांगतो. मागच्या हिवाळ्यात रुखमाबाईंचा बोंडअळीच्या मदतीचा अर्ज परत आला होता, तुला आठवत असेल. सातबाऱ्यावर रुखमाबाई, पासबुकावर रखमाबाई, आणि पासबुकाची झेरॉक्सही पुसट. नावं जुळत नाहीत म्हणून परत. एका उकारासाठी त्या चार वेळा नांदुऱ्याला गेल्या. तेव्हापासून मी ठरवलं की आपल्याकडून कोणाचा कागद शुद्धलेखनामुळे परत येता कामा नये. मी अकरावीपुढे शिकलो नाही, पण ऱ्हस्व-दीर्घ मला कळतं. म्हणून प्रत्येक माणसाचे मी तीन फोल्डर केले. एक सातबाऱ्यावरच्या नावाचा, एक आधारवरच्या नावाचा आणि तिसरा शुद्ध नावाचा. तिन्हींमध्ये सगळे कागद पूर्ण. नुसतं नाव बदलता येतं हे तू सांगितलं होतंस, पण नाव बदलल्यावर आतला कागद हरवेल अशी मला धास्ती वाटायची. म्हणून कॉपी करायचो.

रुखमाबाईंचा तिसरा फोल्डर मी 'रुक्मिणीबाई' केला. त्यांना कौतुकाने दाखवला तर म्हणाल्या, "माह्या बापानं बारशात ठेवलं थे नाव तुले खपत नाही काय? तू कोन बदलवनारा?"

आणि दुसरं असं की पुसट कागद परत येतो म्हणून मी स्कॅनरला सगळ्यात वरच्या दर्जावर लावून ठेवलं. सहाशे डीपीआय, बीएमपी. मला वाटलं, मोठं म्हणजे चांगलं. एक पान शंभर एमबीचं होतं हे मी कधी पाहिलंच नाही. साईटवर चढवायला लहान प्रत वेगळी काढायचो, तेव्हा मोठीकडे लक्ष जात नसे. एका माणसाचे पाच कागद म्हणजे अर्धा जीबी. त्याचे तीन फोल्डर म्हणजे दीड. हा हिशोब मी आठ वेळा करून पाहिला. बरोबर आहे.

तू फोल्डरांना कशी नावं द्यायचास? 'जानराव मिशीवाले'. 'बकरीवाल्या मावशी'. 'पंप चोरीला गेलेले काका'. मला राग यायचा. मी म्हणायचो, हे सरकारी काम आहे, असं लिहू नये. पण दारात माणूस दिसला की तुझा कागद अर्ध्या मिनिटात निघायचा. आता माणूस आला की मी विचारतो, नाव कोणतं घालू, आधारवरचं की सातबाऱ्यावरचं? माणूस म्हणतो, "जावेद कुठी गेला?"

बाबांचा फोन आला. रंग पोचवून येतो.

संध्याकाळचे सव्वापाच. बैल वेशीकडे गेले, मी परत आलो. रस्त्याने येताना वर लिहिलेलं मनात वाचत होतो. त्यात एक वाक्य चुकीचं आहे. शुद्धलेखन बरोबर आहे, पण वाक्य चुकीचं आहे. खोडायला लागलो असतो तर पानच बदलावं लागलं असतं, म्हणून इथे दुरुस्त करतो.

'तेव्हा कोणीतरी म्हणालं की जावेदची गाणी असतील.'

कोणीतरी म्हणजे मी.

तू कदाचित ओळखलंही असशील. मामूंशेजारी तेव्हा मीच होतो. पण तू मला कधी विचारलं नाहीस.

अजून एक आहे, आणि ते तुला कोणीच सांगू शकत नाही, कारण ते फक्त माझ्या वहीत आहे. २६ जुलैच्या संध्याकाळी पट्टी लाल व्हायला आली होती. मी घाबरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, तू रिक्षावाल्याला जाहिरात पेन ड्राइव्हमध्ये भरून देत होतास तेव्हा, मी तुझा फोल्डर उघडून पाहिला. वाटलं, तोच भरला असेल. आकडा आला सहा पॉइंट तीन. मी वहीत लिहिला. तारीख आणि वेळ घालून लिहिला, माझी सवय. मग माझा फोल्डर उघडला. आकडा चढत गेला. शंभर, दीडशे, दोनशे. दोनशे दहाला मी खिडकी बंद केली. दम घेऊ दिला नाही.

म्हणजे दुपारी मी मामूंना सांगितलं तेव्हा मला ठाऊक होतं. तू "आकडा तरी पाहा" म्हणालास तेव्हा ती वही माझ्या मांडीवर होती.

का, ते लिहितो. हे कारण आहे, सबब नाही. मला दोन्हीतला फरक कळतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मामू जानरावांशी बोलताना मी ऐकलं होतं की दिवाळीनंतर दुकानात एकच माणूस पुरे. तुला मोबाईल दुरुस्त करता येतो, आवाज आहे, नातं आहे. तू कुठेही गेलास तरी संध्याकाळपर्यंत चार दोस्त करशील. मला हे एकच काम येतं, आणि तेही तू शिकवलेलं. मला वाटलं, माझा आकडा मामूंना कळला तर मीच तो जाणारा माणूस. हे सगळं मनात यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी ते वाक्य बोलून गेलो होतो. पण नंतर साडेपाच आठवडे गप्प राहिलो, तो काही क्षणाचा प्रकार नव्हता. तो मी रोज सकाळी शटर उघडून केला.

बुधवारी, ५ तारखेला, मी तुमच्या घरी गेलो. अम्मी अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. सांगून झाल्यावर मी पत्ता मागितला.

"पत्ता देईन," म्हणाल्या. "पन आधी मले सांग, थापड कुठी पडली?"

"दुकानात."

"कोनासमोर?"

"लोकायसमोर."

"मंग हे तू मले अंगनात येऊन काऊन सांगून राह्यला? जिथी पडली तिथी सांग. लोकायसमोर. मंग ये अन् पत्ता घेऊन जाय."

निघताना त्यांनी मला चहा दिला. मला वाटलं होतं देणार नाहीत.

मी शुक्रवारची वाट पाहिली. ७ तारीख. मामू नमाजहून आले, सव्वादोन झाले होते. दुकानात जानराव होते, रुखमाबाई होत्या, आणखी सातआठ जण होते. मी खुर्चीवरून उठलो.

"मामू, मले एक सांगायचं हाय."

"सांग ना. उभा काऊन राह्यला? तपासनी आली काय?"

लोक हसले. मी वही उघडली आणि सगळं वाचून दाखवलं, कारण वहीशिवाय मला बोलता आलं नसतं. तुझा आकडा, माझा आकडा, तारखा. २७ जुलैची सकाळची नोंदही वाचली. शेवटी मामूंनी टोपी काढली, मांडीवर ठेवली.

"सहा म्हंजे? पाचशे कुंटल कपाशीत सहा कुंटल?"

"हाव."

"अन् बाकी?"

"माह्ये."

जानराव मिशीवरून हात फिरवायचे थांबले. "म्हंजे पोट्टं फुकटच गेलं काय गावातून?"

मामूंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. मला म्हणाले, "तवा काऊन नाही बोलला बे?"

"भेव लागलं. दिवाळीनंतर एकच मानूस ठेवनार म्हनले होते तुमी."

"थे तं म्या बोलता-बोलता म्हनलो होतो."

"अन् थापड?" रुखमाबाई मागून म्हणाल्या. "थे बी बोलता-बोलताच देल्ली होती काय, निजामभाऊ?"

मामूंनी टोपी परत घातली. मला वाटलं होतं, मला मारतील. मारलं असतं तर सोपं झालं असतं. मी म्हणालो, मामू, तिसरे फोल्डर आत्ताच काढून टाकतो, संध्याकाळपर्यंत डिस्क मोकळी होईल.

"हात नको लावू," मामू म्हणाले. "कोन्तं ठेवाचं अन् कोन्तं काढाचं थे जावेद सांगन."

जानराव म्हणाले, "जावेद तं सुरतले हाय ना."

"मले ठावं हाय कुठी हाय तो."

एवढंच. जावेद, तू मामूंना माझ्यापेक्षा जास्त ओळखतोस. मला वाटतं, त्यांच्याकडून याहून जास्त शब्द येणार नाहीत, निदान दुकानात तरी नाही. तेच ते काल वेगळ्या शब्दांत पुन्हा म्हणाले. एक गिऱ्हाईक मेमरी कार्ड घेऊन आलं होतं, त्याला म्हणाले, "गाने जावेद भरते, चार दिवसानं ये." मी कामावर आहे की नाही हे मी विचारलं नाही. शनिवारी सकाळी त्यांनी किल्ली दिली, मी शटर उघडलं.

तुझी गाणी गेली असं तू समजत असशील. त्या दिवशी मामूंच्या सांगण्यावरून मी तुझा फोल्डर काढून टाकला होता. पण कचरापेटी रिकामी केली नव्हती, म्हणूनच मोजताना त्याचा आकडा तिथे मिळाला. चांगुलपणाने नाही, रिकामी करायची भीती वाटली म्हणून. काल सगळं जागेवर परत आणलं. दोन हजार एकशे चार फायली, मोजून पाहिल्या, पूर्ण आहेत. त्यात तुझ्या रिक्षावरच्या जाहिराती ऐकल्या. मागच्या वर्षीची बियाण्याची एक आहे. तिच्या शेवटी तू माइक बंद व्हायच्या आधी कोणाला तरी म्हणतोस, "निवृत्त्या, झालं का रे बरोबर?" आणि मागून माझा आवाज आहे. "'बियाणे'तला 'णे' नीट म्हण." आणि तू पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतोस. मी ती तीन वेळा ऐकली.

अम्मींनी शुक्रवारी संध्याकाळी पत्ता दिला. कागदावर त्यांनीच लिहून ठेवला होता, मी जायच्या आधीच.

तू परत ये असं मी लिहिणार नाही. ते म्हणायचा हक्क मामूंना आहे आणि अम्मींना आहे. तिकडे तुझा जम बसला असेल, सुरतेत पगार जास्त आहे असं ऐकतो. तू आलास आणि एकाच माणसाची जागा असली तर ती तुझी, हे मी मामूंना सांगून ठेवलं आहे. तू नाही आलास तरी कोणता फोल्डर ठेवायचा आणि कोणता काढायचा ते कळव. तोवर मी एकालाही हात लावणार नाही, पट्टी लाल झाली तरी.

माफी मी पत्रात मागितलेली नाही. सगळं परत वाचून पाहिलं, तो शब्द कुठेही पडलेला नाही. मुद्दाम लिहिला नाही. कागदावर लिहून मी मोकळा झालो असतो आणि तुला तिकडे एकट्याला ते वाचावं लागलं असतं. तो शब्द मी चार माणसांसमोर तोंडाने म्हणेन. वडनेरात म्हण तर वडनेरात, सुरतेत म्हण तर तुझ्या कारखान्यातल्या लोकांसमोर. मी भुसावळच्या पुढे कधी गेलो नाही, पण गाडी नांदुऱ्याहूनच मिळते.

हिशोब खाली देतो.

नव्या डिस्कचे तुझ्या पगारातून कापलेले: ३,४०० रुपये.
उद्या पोस्ट उघडल्यावर मनीऑर्डरने पाठवतो ते: १,५००. मनीऑर्डरचा खर्च माझा, तो यात धरलेला नाही.
बाकी देणं: १,९००. सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या पगारातून, दिवाळीच्या आत. मामू म्हणाले, डिस्क दुकानाची, पैसे मी देतो. मी नको म्हणालो.
थापडेचा हिशोब अम्मींनी मामूंच्या नावावर वेगळा ठेवला आहे. त्यात मला बोलायची परवानगी नाही.

तुझ्यावर खोटं घातलेला, आणि ते आता साऱ्या वडनेराला ठाऊक असलेला,
निवृत्ती